दारूगोळ्याचा हिशेब

आम्हां मनीषनगरवासीयांस अंबाझरीचा तोफगोळ्यांचा कारखाना व पुलगांवचें दारूगोळ्याचें भांडार परकीं नाहींत. परंतु सैन्यापाशीं गोळे पुरेसे आहेत कीं नाहींत, हें तपासतो कोण? राज्यघटनेच्या १४८ व्या कलमान्वयें नेमलेले महालेखापरीक्षक. त्यांस पदावरून सहजासहजीं दूर करतां येत नाहीं. म्हणून ते निर्भयपणें लिहूं शकतात. ४० दिवसांच्या तुंबळ युद्धास पुरेल इतका सांठा असावा, असा दंडक होता. पण निम्म्या प्रकारांचा सांठा १० दिवसही पुरणार नाहीं, असें त्यांच्या २०१५ च्या अहवालांत संसदेस कळलें. २०१७ सालीं पुन्हां पाहिलें, तों सुधारणा फारशी नव्हती. विद्यार्थिमित्रहो, हिशेब तपासणें म्हणजे अविश्वास नव्हे. उणीव कागदावर सांपडली तर भरून काढतां येते. रणांगणावर सांपडली तर जवानाचा प्राण जातो.