विश्लेषण : डॅशबोर्डवर ‘ट्रॅक्शन कंट्रोल’चा दिवा का लागतो? लागल्यावर काय करावे?

भर पावसात घाट चढताना डॅशबोर्डवर अचानक एक पिवळे चिन्ह उजळते. छोटी मोटार आणि तिच्या मागे दोन नागमोडी रेघा. काही जण घाबरून जागच्या जागी गाडी उभी करतात. काही जण ‘गाडी तर चालतेय’ म्हणत महिनोन् महिने दुर्लक्ष करतात. दोन्ही चुकीचे ठरू शकते. हा दिवा लुकलुकतो आहे की सतत पेटलेला आहे, यावर त्याचा अर्थ बदलतो.

ट्रॅक्शन कंट्रोल म्हणजे काय?

निसरड्या रस्त्यावर ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनाची ताकद मिळणारे एखादे चाक जागीच गरगरू लागते आणि टायरची पकड सुटते. प्रत्येक चाकाजवळ वेग मोजणारा सेन्सर असतो. एक चाक इतरांपेक्षा जास्त वेगाने फिरते आहे, हे त्यातून कळताच यंत्रणा त्या चाकाला ब्रेक लावते किंवा इंजिनाची ताकद कमी करते. चाके लॉक होऊ न देणारी ‘एबीएस’ यंत्रणाही हेच सेन्सर वापरते. त्यामुळे एक सेन्सर बिघडला की अनेकदा दोन्ही दिवे एकदम लागतात.

दिवा लुकलुकणे आणि सतत पेटणे यात फरक काय?

चिखल, वाळू किंवा ओल्या चढावर दिवा लुकलुकला आणि विझला, तर काही बिघडलेले नाही. यंत्रणा काम करते आहे, एवढाच त्याचा अर्थ. अशा वेळी ॲक्सिलरेटरवरचा पाय हलका करावा. दिवा सतत पेटलेला राहिला, तर मात्र यंत्रणा बंद पडली आहे किंवा बंद केली गेली आहे. चिन्हाखाली ‘ऑफ’ लिहिलेले दिसले, तर बहुधा चुकून बटण दाबले गेलेले असते. ते पुन्हा दाबून पाहावे.

आधी घरच्या घरी काय तपासावे?

सुरक्षित जागी गाडी थांबवून इंजिन बंद करावे आणि मिनिटभराने पुन्हा सुरू करावे. तात्पुरती गडबड असेल तर थोडे अंतर चालवल्यावर दिवा विझतो. मग चारही टायरमधली हवा तपासावी. एका चाकात हवा फारच कमी असेल किंवा एक टायर वेगळ्या मापाचा असेल, तर ते चाक वेगळ्या गतीने फिरते आणि यंत्रणेचा गोंधळ उडू शकतो. नुकतीच बॅटरी बदलली किंवा काढली असेल, तर काही गाड्यांत स्टिअरिंगचा कोन मोजणारा सेन्सर पुन्हा सेट करावा लागतो.

बिघाड बहुधा कुठे असतो?

पहिला संशय चाकाजवळच्या सेन्सरवर आणि त्याच्या वायरवर घ्यावा. चिखल, पाणी आणि गंज यांचा मारा तिथेच होतो. उभ्या गाडीतल्या वायरी उंदरांनी कुरतडणे हेही नेहमीचेच. अनेक गाड्यांत सेन्सरला लागणारी चुंबकीय रिंग बेअरिंगमध्येच असते. त्यामुळे बेअरिंग खराब झाले किंवा उलटे बसवले, तरी दिवा लागतो. कमकुवत बॅटरी किंवा ब्रेक पेडलचा बिघडलेला स्विच हीही कारणे असू शकतात. इंजिनात दोष असेल तर ‘चेक इंजिन’च्या दिव्यासोबत हाही दिवा लागतो. तेव्हा आधी इंजिनाचा दोष पाहावा.

गॅरेजमध्ये काय विचारावे?

स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर जोडून बिघाडाचा कोड वाचता येतो. स्वस्तातले स्कॅनर बहुतेकदा फक्त इंजिनाचे कोड दाखवतात. इथे एबीएसचे कोड वाचणारा स्कॅनर हवा. कोणता कोड आला आणि तो कोणत्या चाकाचा, हे विचारावे. मात्र कोड म्हणजे निदान नव्हे. ‘पुढच्या डाव्या चाकाचा सेन्सर’ असा कोड आला, तरी दोष वायरीत किंवा रिंगमध्ये असू शकतो. गाडी संथ गतीने सरळ चालवत स्कॅनरवर चारही चाकांचे वेग पाहिले, की शून्य दाखवणारे किंवा मध्येच तुटणारे चाक लगेच ओळखू येते. ही तपासणी न करता थेट महागडे एबीएस मोड्यूल बदलायला कोणी सांगितले, तर दुसऱ्या ठिकाणी दाखवावे. नुसता कोड पुसून दिवा घालवणे ही दुरुस्ती नव्हे. दोष कायम असेल तर तो पुन्हा लागणारच.

दिवा लागलेला असताना गाडी चालवावी का?

फक्त हाच दिवा असेल तर साधे ब्रेक चालतात. वेग कमी ठेवून, पुढच्या गाडीपासून जास्त अंतर राखून गॅरेजपर्यंत जाता येते. सोबत एबीएसचा दिवा असेल, तर ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबल्यास चाके लॉक होऊन गाडी घसरू शकते. घाटातला प्रवास पुढे ढकललेला बरा. लाल रंगाचा ब्रेकचा दिवाही लागला असेल, तर मात्र गाडी पुढे नेऊ नये. टोइंगची मदत घ्यावी.

बटण मुद्दाम कधी बंद करावे?

चिखलात रुतलेली गाडी बाहेर काढताना यंत्रणा इंजिनाची ताकद कमी करत राहते आणि गाडी हलत नाही. तेवढ्यापुरते बटण बंद करावे. गाडी रस्त्यावर आली की आठवणीने पुन्हा सुरू करावे, कारण पुढच्या ओल्या वळणावर तिची गरज लागू शकते.