भट्टीतून निघालेलं चाक

चाकं बनवणाऱ्या एखाद्या जुन्या कारखान्यावर लिहा, असं संपादकांनी सांगितलं. त्यांच्या मनात बहुधा रेल्वेची चाकं असावीत. मी निवडलं ते चाक कुठेही जात नाही. जागच्या जागी गरगर फिरतं आणि पोलादावरून केसाहून पातळ थर काढून टाकतं. ग्राइंडिंग व्हील. मोटारीचा क्रँकशाफ्ट, बेअरिंगच्या रिंगा, इंजेक्शनच्या सुईचं टोक, या सगळ्यांवर शेवटचा हात फिरतो तो याच चाकाचा. आणि या धंद्यातलं सर्वांत मोठं नाव, नॉर्टन, हे एका कुंभारवाड्यातून आलं आहे.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात वूस्टर नावाचं गाव आहे. तिथे फ्रँक नॉर्टन बरण्या आणि सुरया बनवत असे. त्याच्याकडे स्वेन पल्सन हा स्वीडिश कुंभार कामाला होता. त्या काळी धार लावायची चाकं एमरी नावाच्या कठीण दगडाच्या भुकटीत सरस किंवा तसलंच काही मिसळून बनवत. गरम झाली की ती मऊ पडत, फुटत. हीच भुकटी मातीत मळून बरणीसारखी भाजली तर? 1873 मध्ये पल्सनने बीअरच्या पैजेवर हे करून दाखवलं, अशी गोष्ट कंपनीच्या इतिहासात सांगतात. पहिली चाकं वाया गेली, मग एक टिकलं. 1877 मध्ये पेटंट झालं आणि 1885 मध्ये नॉर्टन एमरी व्हील कंपनी उभी राहिली. चालवायला घेतली ती मिल्टन हिगिन्स आणि जॉर्ज ऑल्डन या स्थानिक तंत्रशिक्षण संस्थेतल्या दोन प्राध्यापकांनी आणि त्यांच्या जोडीदारांनी.

या जोडीदारांत एक माणूस असा होता की मी त्याच्यापाशीच अडकून पडले. जॉन जेपसन. स्वीडनच्या होगानेस या कुंभारकामासाठी प्रसिद्ध असलेल्या गावचा. पल्सननंतर कारखान्याची भट्टी त्याच्या हातात आली. प्राध्यापकांकडे गणित होतं, हिशेब होता. पण मातीत भट्टीत वितळणारं फेल्डस्पार हे खनिज किती घालायचं, भट्टी कधी चढवायची, कधी सोडायची, हे जेपसनला ठाऊक होतं. त्याच्या मागोमाग होगानेसच्या बाजूचे कितीतरी स्वीडिश लोक वूस्टरला आले आणि नॉर्टनमध्ये लागले. 1915 मध्ये कंपनीने कामगारांसाठी इंडियन हिल ही घरांची वसाहत बांधली. जेपसनचा मुलगा जॉर्ज आणि नातू जॉन, दोघेही पुढे कंपनीचे अध्यक्ष झाले. कुंभाराच्या घरातून कारखान्याच्या गादीवर जाणं त्या काळच्या अमेरिकेतही रोजचं नव्हतं.

भट्टीचा माणूस इतका मोलाचा का, हे कळायला चाकाच्या पोटात शिरावं लागतं. ग्राइंडिंग व्हील म्हणजे कठीण कण, त्यांना धरून ठेवणारा बाँड आणि मधली पोकळी. कापतो तो कण. पण चाकाचा स्वभाव ठरवतो बाँड. काम करता करता कणाची धार बोथट होते, मग त्याच्यावरचा ताण वाढतो. बाँडने त्याच वेळी तो कण सोडून द्यायला हवा, म्हणजे मागचा नवा, धारदार कण पुढे येतो. आधी सोडला तर चाक भराभर झिजून संपतं. सोडलाच नाही तर चाक चकाकायला लागतं, कापायच्या ऐवजी घासतं आणि जॉबवर, म्हणजे घासायच्या वस्तूवर, जळाल्याचे निळे-तपकिरी डाग उठतात. म्हणून वर्कशॉपचा नियम ऐकायला उलटा वाटतो: मऊ लोखंडाला कडक व्हील, कडक पोलादाला मऊ व्हील. कडक पोलादावर कण लवकर बोथटतो, त्याला लवकर सुटका मिळाली पाहिजे. हे सोडणं आणि धरणं नेमकं कुठे बसवायचं, ते मिश्रणात आणि भट्टीत ठरतं. साधारण साडेबाराशे अंश सेल्सिअसला माती वितळून काच होते आणि दोन कणांमध्ये तिचे पूल तयार होतात. तापमान सावकाश चढवायचं, सावकाशच उतरवायचं. घाई झाली की तडा.

हा तडा डोळ्यांना दिसत नाही, कानांना मात्र कळतो. भोसरीतल्या एका छोट्या शॉपमध्ये मी नवं व्हील चढवताना पाहिलं. तिथले मिस्त्री तीस वर्षं ग्राइंडरवर आहेत. त्यांनी व्हील भोकात बोट घालून लटकतं धरलं, स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने कडेपासून बोट-दोन बोटं आत हलकेच ठोकलं. टण्ण. थोडं फिरवून पुन्हा. माठ घेताना आपण वाजवून पाहतो, अगदी तसं. बद्द आवाज आला असता तर व्हील बाजूला गेलं असतं. मग दोन्ही बाजूंना कागदाच्या चकत्या लावून, फ्लँज बेताने आवळून, गार्ड बसवून ते रिकामंच फिरवलं. त्या वेळी मिस्त्रींनी मला हाताला धरून मशीनसमोरून बाजूला केलं. व्हीलची कड सेकंदाला 33 मीटर, म्हणजे ताशी जवळजवळ 120 किलोमीटर वेगाने धावत असते. फुटलं तर तुकडे त्याच वेगाने समोर येतात. कारखान्यातून निघण्याआधी व्हील नेमून दिलेल्या गतीच्या दीडपट वेगाने फिरवून पाहतात ते याचसाठी.

नॉर्टनचा बाकीचा इतिहास मोठा आहे, मी त्यातल्या दोनच गोष्टी घेते. तुर्कस्तान आणि ग्रीसच्या एमरीत दरवेळी माल वेगळा यायचा, म्हणून 1901 मध्ये कंपनीने नायगाराच्या स्वस्त विजेवर बॉक्साइट वितळवून अॅलंडम हा कृत्रिम कण बनवायला घेतला. आणि 1900 मध्ये चार्ल्स नॉर्टन हा यंत्रज्ञ आला. फ्रँक नॉर्टनशी त्याचं काहीच नातं नव्हतं. रुंद चाक, जड मशीन आणि भरपूर पाणी असेल तर ग्राइंडिंग हे नुसतं फिनिशिंग राहत नाही, तेच मुख्य काम होऊ शकतं, हा त्याचा हट्ट. क्रँकशाफ्टच्या जर्नलला, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागाला, जिथे पाच तास लागत, तिथे त्याच्या मशीनवर पंधरा मिनिटं पुरू लागली, असं यंत्रांच्या इतिहासात नोंदलं आहे. स्वस्त मोटारगाडी शक्य झाली त्यात या पंधरा मिनिटांचा वाटा मोठा आहे, असं मला वाटतं. आपल्याकडे पहिली ग्राइंडिंग व्हील्स बनली ती 1941 मध्ये, उरणजवळच्या मोरा इथे. भाऊच्या धक्क्यावरून लाँच जाते तेच मोरा. तिथली ग्राइंडवेल पुढे नॉर्टनशी जोडली जाऊन ग्राइंडवेल नॉर्टन झाली.

आता काळजीचं. 1962 पर्यंत कंपनी संस्थापकांच्या घराण्यांकडेच होती. शेअर बाजारात उतरल्यावर ते कवच गेलं. 1990 मध्ये बीटीआर या ब्रिटिश समूहाने शेअरमागे 75 डॉलर देऊ करून कंपनी ताब्यात घ्यायचा घाट घातला. वूस्टरचे कामगार रस्त्यावर आले आणि राज्याने घाईघाईने नवा कायदा करून कंपनीच्या संचालक मंडळाला आधार दिला. शेवटी फ्रान्सच्या सँ-गोबँने 90 डॉलरचा भाव दिला आणि नॉर्टन त्यांच्याकडे गेली. नाव राहिलं, घराणी संपली.

ज्ञानाचंही तसंच. 1980 च्या दशकात नॉर्टनने रासायनिक जेलपासून अतिसूक्ष्म स्फटिकांचा नवा कण काढला. तो जुन्या बाँडमध्ये घालून भाजला तर वितळलेली काच त्या कणालाच खाऊ लागली. मग कमी तापमानाला पिकणारी नवी काच शोधावी लागली. कण प्रयोगशाळेतून आला, अडला मात्र भट्टीपाशी. मला यात जेपसनचा मोठा मान दिसतो. पण आज भट्टी संगणकावर चालते, आणि आच पाहून मिश्रण बदलणारी माणसं हळूहळू निवृत्त होत आहेत.

दुसरी काळजी धुळीची. वाळूच्या दगडावर धार लावणारे शेफील्डचे कामगार सिलिकोसिसने तरुणपणीच मरत. खंभातच्या अकीक घासणाऱ्यांना आजही तोच रोग गाठतो. कृत्रिम कणाच्या चाकाने सिलिकाचा धोका पुष्कळ कमी केला, धूळ मात्र थांबवली नाही. कोरड्या ग्राइंडिंगच्या शॉपमध्ये शोषक पंखा नसेल तर धातूची बारीक भुकटी छातीत जातेच. भोसरीच्या त्या शॉपमध्ये पंखा होता. बाजूच्या दोन गाळ्यांमध्ये रुमाल बांधून काम चाललं होतं.

आणि तिसरी काळजी मिस्त्रींचीच. विजेवरच्या गाडीला क्रँकशाफ्ट नसतो, कॅमशाफ्ट नसतो. त्यांच्या शॉपचं निम्म्याहून जास्त काम या दोन दांड्यांवर चालतं. ग्राइंडिंग संपणार नाही हे त्यांनाही ठाऊक आहे. उलट, इंजिनाचा आवाज गेल्यामुळे विजेवरच्या गाडीत गिअरची बारीकशी कुरकुरही ऐकू येते, म्हणून ते गिअर पूर्वीपेक्षा जास्त काटेकोर ग्राइंड करावे लागतात. पण गिअर ग्राइंडिंगचं परदेशी मशीन काही कोटींना येतं. मोठे कारखाने ते स्वतःकडेच बसवतात, काम बाहेर देत नाहीत. मिस्त्रींच्या मालकांनी बँकेत विचारून पाहिलं. बँकेला तारण हवं आहे, आणि तारण ठेवायला त्यांच्याकडे आहेत ते क्रँकशाफ्टचे जुने ग्राइंडर.