तज्ज्ञ डॉक्टरांसाठी संवादाचा वर्ग

तपासून बाहेर आलेला रुग्ण औषधांच्या दुकानात विचारतो, "ही गोळी कशावर आहे हो?" आत डॉक्टरांनी ते सांगितलेलं असतं, फक्त त्याच्यापर्यंत पोचलेलं नसतं. असं होतं तेव्हा डॉक्टरांच्या ज्ञानात काही कमी नसते. बोलण्याचं कौशल्य त्यांना कुणी शिकवलेलंच नसतं.

वर्षं वाढली म्हणून जमत नाही

प्रॅक्टिस मुरली की बोलणं आपोआप जमतं, ही समजूत जुनी आहे. ब्रिटनमध्ये लेस्ली फॅलोफील्ड आणि सहकाऱ्यांनी ती तपासली. त्यांचा अभ्यास २००२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. ३४ केंद्रांतल्या १६० कर्करोगतज्ज्ञांच्या रुग्णांशी होणाऱ्या खऱ्या भेटींचं चित्रीकरण केलं गेलं. मग काहींना तीन दिवसांचा वर्ग मिळाला, काहींना फक्त लेखी अभिप्राय, काहींना दोन्ही आणि काहींना काहीच नाही. वर्गाला न गेलेल्यांच्या तुलनेत, गेलेल्या डॉक्टरांच्या बोलण्यात सहानुभूतीचे उद्गार ६९ टक्क्यांनी जास्त आढळले. उत्तर आधीच सुचवणारे प्रश्न ("आता बरं वाटतंय ना?") २४ टक्क्यांनी कमी होते. नुसत्या लेखी अभिप्रायाने मात्र फारसा फरक पडला नाही. ज्येष्ठ डॉक्टरांच्या संवादातल्या अडचणी केवळ काळ आणि अनुभव यांनी सुटत नाहीत, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला. मला हा निष्कर्ष दिलासा देणारा वाटतो, कारण पन्नाशीतला डॉक्टरही तीन दिवसांत बदलू शकतो, हेही त्यातून दिसलं.

वर्गात काय होतं?

भाषणं फार कमी. चार-पाच डॉक्टर, एक मार्गदर्शक आणि रुग्णाची भूमिका करणारा प्रशिक्षित कलाकार. ही कल्पना हॉवर्ड बॅरोज या मेंदूविकारतज्ज्ञाने १९६३ मध्ये अमेरिकेत विद्यार्थ्यांसाठी पहिल्यांदा वापरली. डॉक्टर त्या 'रुग्णा'शी बोलतो, चित्रफीत पाहतो आणि कुठे अडलं ते आधी स्वतः सांगतो. मग इतरजण बोलतात. त्यानंतर तोच प्रसंग वेगळ्या शब्दांत पुन्हा केला जातो. शस्त्रक्रिया जशी हाताने करूनच येते, तसंच हे आहे.

पहिली दोन मिनिटं

रुग्णाला बोलू दिलं तर ओपीडी रात्रीपर्यंत चालेल, ही भीती डॉक्टर हमखास बोलून दाखवतात. अमेरिकेतल्या १९८४ च्या एका अभ्यासात रुग्णाला सरासरी १८ सेकंदांतच थांबवलं जात होतं. २००२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या डॉक्टरांनी न अडवता ऐकलं, तेव्हा ३३५ रुग्णांचं सुरुवातीचं बोलणं सरासरी ९२ सेकंदांत संपलं. आपल्या सरकारी रुग्णालयांतल्या गर्दीत एवढा वेळही मोठाच आहे, आणि त्याचा दोष एकट्या डॉक्टरवर टाकणं अन्यायाचं आहे. पण मध्येच तोडलेली तक्रार दाराशी परत येते: "डॉक्टर, अजून एक सांगायचं राहिलं…" आणि कधीकधी तीच मुख्य तक्रार असते.

"त्यांना सांगू नका"

वाईट बातमी देण्याची सहा पायऱ्यांची पद्धत बेल, बकमन आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये मांडली. त्यातली एक पायरी आपल्याकडे सर्वांत कठीण आहे: किती जाणून घ्यायचंय, हे रुग्णालाच विचारणं. आपल्याकडे मुलगा आधीच केबिनमध्ये येऊन "बाबांना सांगू नका" म्हणून गेलेला असतो. अशा वेळी "काका, रिपोर्टबद्दल तुमच्याशी बोलू, की मुलगा सोबत असताना बोलू?" हा साधा प्रश्न निर्णय रुग्णाच्या हातात ठेवतो. असे प्रसंग परदेशी पुस्तकांत जसेच्या तसे सापडणार नाहीत, वर्गासाठी ते इथेच लिहावे लागतील.

महाराष्ट्रात काय करता येईल?

२०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद यांचा 'एटकॉम' हा भाग आला. त्याआधी शिकून बाहेर पडलेल्यांना त्याचा उपयोग नाही. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी महाराष्ट्र वैद्यक परिषद पाच वर्षांत ३० क्रेडिट मागते. त्यातले काही अशा सरावासाठी राखून ठेवावेत, असं माझं ठाम मत आहे. खर्चही फार नाही: एक खोली, एक मोबाइल कॅमेरा आणि तयार मार्गदर्शक. कलाकार तर गावोगावच्या हौशी नाट्यसंस्थांत आहेत. अंगात कणकण, छातीत चमक, जीव घाबरा होणं हे सगळं ते त्या त्या भागातल्या बोलीत सांगतील, आणि परप्रांतातून इथे आलेल्या डॉक्टरांचा त्या बोलीशीही सराव होईल.