विश्लेषण : डोंगरावर ढग दुपारीच का दाटतात? पावसाळ्यात हा नियम का मोडतो?

‘माथा गाठायचा तर दुपारच्या आत’, हा गिर्यारोहकांचा जुना नियम. पनवेलहून माथेरानची रांग पाहणाऱ्यांनाही तो ओळखीचा वाटेल. मे महिन्यात सकाळी मोकळ्या दिसणाऱ्या माथ्यावर दुपारी तीन-चारनंतर अनेकदा ढग जमतात. हिमालयातही खिंडी सकाळीच ओलांडतात. पण हे वेळापत्रक बारमाही नाही आणि त्यावर विसंबणे जिवावर बेतू शकते.

दुपारचे ढग कसे तयार होतात?

सूर्य वर आला की डोंगराचा उतार तापतो आणि त्याला लागून असलेली हवाही. तेवढ्याच उंचीवर, पण दरीच्या मधोमध असलेली हवा त्या मानाने थंड राहते. उताराजवळची हलकी हवा मग वर सरकते आणि दरीतला ओलावा सोबत नेते. वर जाताना ती दर १०० मीटरला साधारण एक अंशाने थंड होते. एका उंचीनंतर बाष्पाचे थेंब होतात, तोच ढग. ओलावा भरपूर असेल तर गडगडाटासह वळीव कोसळतो.

रात्री सगळे उलटे. उतार थंड होतो, जड हवा दरीत उतरते, माथा मोकळा होतो. दरीत साचलेल्या गार हवेत धुके धरते. हिवाळ्यात पहाटे गडावरून दिसणारा ‘ढगांचा समुद्र’ बहुधा हाच असतो.

मग पावसाळ्यात काय बदलते?

ढग घडवण्याचे काम उन्हाकडून वाऱ्याकडे जाते. अरबी समुद्रावरून येणारा नैऋत्य वारा सह्याद्रीला धडकून वर चढतो, आणि त्याला सूर्योदयाची वाट पाहावी लागत नाही. त्यामुळे माथे दिवस-रात्र ढगात राहतात. पुण्याच्या ‘आयआयटीएम’ने २०१२ मध्ये महाबळेश्वरला, सुमारे १३५० मीटर उंचीवर, ढगांच्या अभ्यासाची प्रयोगशाळा उभारली ती याचमुळे. तिथे ढग जमिनीवरच उतरतात, थेंब मोजायला विमान लागत नाही.

याची दुसरी बाजू नवी मुंबईशेजारीच दिसली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीला रस्ता नव्हता. हेलिकॉप्टर सज्ज होती, पण खराब हवामानामुळे ती उडू शकली नाहीत. बचाव पथके चिखलातून पायी चढली. २७ मृतदेह हाती लागले. शोधकार्य थांबले तेव्हा ५७ जण बेपत्ता होते.

हिमालयात सकाळ सुरक्षित असते का?

नेहमी नाही. मोसमी काळात तिथल्या उंच कड्यांवर दुपारी-संध्याकाळी पाऊस वाढतो. पायथ्याकडे मात्र मध्यरात्र ते पहाट जोर असतो. उतरणारी गार हवा मैदानातून येणाऱ्या दमट वाऱ्याला तिथे वर ढकलते. १५ जून २०२५ रोजी पहाटे केदारनाथहून परतणारे हेलिकॉप्टर गौरीकुंडजवळ कोसळले. सातही जण दगावले, त्यांत महाराष्ट्रातील तिघे होते. दरीत ढग दाटले होते आणि दृश्यमानता कमी होती, असे प्राथमिक माहितीत म्हटले होते.

उपग्रहाचे चित्र पाहून निघावे का?

पाहावे, पण जपून. ‘इन्सॅट’ची चित्रे मोबाइलवर दिवसभर मिळतात. रात्री मात्र केवळ उष्णतेवरून ढग ओळखावे लागतात. दरीतला ठेंगणा ढग आणि खालची जमीन यांचे तापमान जवळपास सारखे असते, त्यामुळे पहाटे निघणाऱ्याला नेमका तोच ढग चित्रात सापडत नाही.