पंख नवे, नाव जुने

गवयाच्या मुलाने विमानांवर लिहावे, हे पाहून आमचे काही स्नेही हसतील. हसोत बापडे. पण ज्या विमानाची हकिगत सांगावयाची आहे, त्याच्या अंगावर आपल्या हैदराबादचे नाव आहे. आणि ते खरे की नकली, हा वाद तंबोऱ्याच्या वादाहून निराळा नाही.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या वर्षी, १९१८ साली, ब्रिटनच्या ११० क्रमांकाच्या हवाई तुकडीची पहिली सर्व विमाने निजाम मीर उस्मान अली खान यांनी देणगी म्हणून दिली. डी. एच. ९ ए जातीची ही दोन आसनांची बाँबफेकी विमाने. चारशे अश्वशक्तीचे अमेरिकन ‘लिबर्टी’ एंजिन, लाकडी सांगाडा आणि त्यावर ताणून बसविलेले कापड. अंगावर दात्याचे नाव आणि ‘हैदराबाद’ हा शब्द क्रमांकासह रंगविलेला. मराठवाडा त्या काळी याच राज्यात होता, हे आपल्या जुन्या घरांना सांगावयास नको.

त्यांतले ‘हैदराबाद १२ अ’ ऑक्टोबर १९१८ मध्ये जर्मनांच्या हाती लागले. त्यांनी ते पुढे बर्लिनच्या संग्रहालयात मांडले. दुसऱ्या महायुद्धात ते पोलंडात गेले, क्राकोवच्या संग्रहालयात राहिले आणि १९७७ साली एका स्पिटफायर विमानाच्या बदल्यात इंग्लंडला परतले. तोवर मूळ पंख नाहीसे झाले होते. नवे पंख बांधून ते लंडनमधील हेंडनच्या संग्रहालयात उभे करण्यात आले.

आता याला जुने विमान म्हणावे काय?

आमच्या घरी वडिलांचा मिरजेचा तंबोरा आहे. घर बदलताना त्याचा भोपळा फुटला. मिरजेहूनच नवा बसवून आणला, जवारी पुन्हा काढली. तारा तर कितीदा बदलल्या असतील. थोरले बंधू म्हणाले, “आता हा दादांचा कुठला? विकून टाक.” मी विकला नाही. दांडी दादांची, खुंट्या दादांच्या आणि त्यावर षड्ज लावण्याची शिस्तही त्यांचीच. मात्र भोपळा नवा आहे, हे प्रत्येक शिष्याला मी आधी सांगतो. नवा भाग घालण्यात पाप नाही. तो जुना म्हणून खपविण्यात आहे.

याच जातीच्या थोरल्या भावाची, डी. एच. ९ ची गोष्ट तर आपल्या देशातलीच आहे. बिकानेरच्या राजवाड्यातील जुन्या हत्तीखान्यात या विमानांचे सांगाडे पडून होते. लाकडाला वाळवी लागलेली. त्यांतली दोन इंग्लंडला नेऊन दुरुस्त करण्यात आली. एक २००७ मध्ये डक्स्फर्डच्या संग्रहालयात मांडले गेले. दुसऱ्याने २०१९ मध्ये आकाशात झेप घेतली. लाकूड, कापड पुष्कळसे नवे. पण हत्तीखान्यात मुके पडलेले यंत्र पुन्हा बोलू लागले!

माझ्याकडे गाणे शिकणारा एक मुलगा विमानांच्या प्रतिकृती करतो. प्रमाण एकास बहात्तर. म्हणजे चौदा मीटर पसाऱ्याचे पंख साडेएकोणीस सेंटिमीटरांत येतात. वरचा पंख खालच्या पंखावर कोणत्या खांबांनी पेलला आहे, तारा कुठून कुठे ताणल्या आहेत, हे त्याला पाठ आहे. वाचून ते कळले नसते. हाताने करूनच कळले. गुरूच्या गळ्यातली बंदिश शिष्य आधी हुबेहूब उचलतो, त्यातलाच हा प्रकार. नक्कल म्हणून तिला हिणवू नये.

त्याने ‘हैदराबाद १२ अ’ची प्रतिकृती दाखविली, तेव्हा अंगावरची अक्षरे इंग्रजी होती. मी सहज म्हटले, “अरे, आपल्या गावाचे नाव, देवनागरीत का नाही लिहिलेस?”

तो म्हणाला, “गुरुजी, मूळ विमानावर तसे नव्हते.”

त्याला त्या दिवशी मी नवी बंदिश दिली.