'ध' चा 'मा' : पेढ्यांवर येणारीं फसवीं पत्रें व त्यांचा बंदोबस्त

शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यावरील अणकुचीदार खिळे आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं पाहिले असतील. हत्तीनें धडक देऊन दार फोडूं नये म्हणून ते बसविलेले आहेत. परंतु ३० ऑगस्ट १७७३ रोजीं नारायणराव पेशव्यांचा वध झाला, तो दार फोडून नव्हे. मारेकरी होते चाकरींतले गारदीच. आणि 'धरावें' या आज्ञेंतील 'ध' चा 'मा' आनंदीबाईंनीं केला अशी आख्यायिका आहे. इतिहासकारांस ती मान्य असो वा नसो, आपल्या भाषेंत ती म्हणच होऊन बसली. त्या कथेंत आमचें लक्ष एका गोष्टीकडे जातें: आज्ञा हातीं पडल्यावर 'हें खरेंच का?' असें उलट विचारावयास कोणी गेलें नाहीं.

आजच्या पेढीवर पडणारा घाला याच जातीचा असतो. इंग्रजींत त्यास 'फिशिंग' म्हणतात. शब्द मासेमारीचाच, केवळ अक्षरयोजना फिरविलेली. १९९० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत इंटरनेटच्या ग्राहकांचीं खातीं लुबाडणाऱ्यांमध्यें तो रूढ झाला. शुभवर्तमानांतील गालील समुद्रावरचे कोळी जाळें टाकीत. हे कोळी गळ टाकतात, आणि गळाचें आमिष म्हणजे एक पत्र. त्यावर बँकेचें, कर-कचेरीचें किंवा नेहमींच्या गिऱ्हाइकाचें नांव असतें. पत्त्यांत एखादेंच अक्षर बदललेलें असतें. धाकट्या रोमन लिपींत 'आर' व 'एन' हीं दोन अक्षरें शेजारीं शेजारीं लिहिलीं, कीं घाईंत वाचणारास तीं 'एम' दिसतात. पत्रांतील दुवा दाबला, कीं खोट्या पानावर परवलीचा शब्द लिहून दिला जातो. किंवा जोडलेला कागद उघडला, कीं चोराचा प्रोग्राम संगणकांत उतरतो.

फेब्रुवारी २०१६ मध्यें बांगलादेशाच्या मध्यवर्ती बँकेचे ८ कोटी १० लक्ष डॉलर चोरीस गेले. या चोरांनीं तत्पूर्वींच नोकरीच्या अर्जाचें सोंग घेतलेलीं पत्रें बँकेच्या नोकरांस पाठविलीं होतीं. आणखी २ कोटी डॉलर श्रीलंकेकडे जावयाचे होते. परंतु 'फाउंडेशन' हा शब्द चोरांनीं अशुद्ध लिहिल्यामुळें मधल्या बँकेस संशय आला व ती रक्कम वांचली. शुद्धलेखनास गुण कां ठेवतात, असें विचारणाऱ्या विद्यार्थ्यांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. दुर्दैवानें चोरांनींही ती ठेवली असून, हल्लीं यंत्राकडून लिहून घेतलेलीं त्यांचीं पत्रें व्याकरणदृष्ट्या निर्दोष असतात.

आपल्या पुण्यांतही असें घडलें आहे. १९०६ सालीं स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ११ ऑगस्ट २०१८ रोजीं घाला पडला. एटीएमच्या व्यवहारांस मंजुरी देणाऱ्या यंत्रणेच्या जागीं चोरांनीं आपली खोटी यंत्रणा उभी केली; बनावट कार्ड घातलें, कीं मूळ खात्यास न विचारतां 'पैसे द्यावे' असा जबाब जाई. २८ देशांतून, आणि आपल्या कोल्हापुरांतूनही, कांहीं तासांत सुमारें ८० कोटी रुपये काढले गेले. १३ तारखेस आणखी सुमारें १४ कोटी हाँगकाँगमधील एका खात्याकडे वळविले गेले. २०२३ सालीं पुण्याच्या न्यायालयानें ११ जणांस शिक्षा दिली. अशा टोळ्यांची नेहमींची रीत पाहतां मुख्य तिजोरीवर त्या प्रथम जात नाहींत. कोणा एका कारकुनाच्या संगणकांत शिरून तेथून आंतल्या आंत पुढें सरकतात.

म्हणून पहारा त्या कारकुनाच्या मेजावरच हवा. हिशेबनिसाचा संगणक, मालकाचा लॅपटॉप, विक्रेत्याचा मोबाईल, अशा टोकाच्या प्रत्येक यंत्रास 'एंडपॉइंट' म्हणतात, आणि त्यावर बसविलेल्या पहाऱ्यास 'एंडपॉइंट सिक्युरिटी'. पूर्वींचे विषाणुनाशक प्रोग्राम पोलीस चौकीवरील चोरांच्या यादीसारखे होते. यादींत नांव असेल तोच पकडला जाई. या विद्येंत पुण्याचा वाटा मोठा आहे. रहिमतपूरचे कैलास काटकर येथें कॅलक्युलेटर दुरुस्त करीत; त्यांचे बंधु संजय यांनीं असे प्रोग्राम लिहिले, आणि त्यांतून क्विक हील ही कंपनी उभी राहिली. नवा चोर मात्र यादींत नसतो. म्हणून हल्लींचा पहारेकरी चेहऱ्याबरोबर वर्तनही पाहतो. बिलाचा कागद उघडावा आणि त्यानें पडद्यामागें संगणकास आज्ञा देणारा दुसरा प्रोग्राम चालूं करावा, हें बिलाचें काम नव्हे. पहारेकरी तो प्रोग्राम तेथेंच थांबवितो. घडोघडी शेंकडों फाइली कुलूपबंद होऊं लागल्या, तर तें यंत्र तो इतरांपासून तोडून टाकतो. ठरविलेल्या प्रोग्रामांखेरीज दुसरा कोणताही चालूं न देणें, कारकुनाच्या हातीं सर्वाधिकार न ठेवणें, आणि कंपन्यांनीं पाठविलेल्या दुरुस्त्या वेळच्या वेळीं बसविणें, हाही याच बंदोबस्ताचा भाग होय. यांतील शेवटचें काम फुकट होतें, आणि बहुधा तेंच राहून जातें.

परंतु या पहाऱ्याची धांव कोठपर्यंत, हेंही सांगितलें पाहिजे. सप्टेंबर २०२२ मध्यें सीरम इन्स्टिट्यूटच्या एका संचालकास आदर पूनावाला यांच्या नांवें व्हॉट्सअॅपवर निरोप आला, कीं अमुक खात्यांत तातडीनें पैसे भरावे. १ कोटीहून अधिक रुपये भरले गेले. निरोप पूनावाला यांचा नव्हताच. त्यांत विषारी प्रोग्राम नव्हता, साधा मजकूर होता. पहारेकरी अडविणार कोणास? येथें उपाय एकच: नव्या खात्यांत पैसे धाडण्यापूर्वी, आपल्या वहींत आधींपासून असलेल्या क्रमांकावर फोन करून मालकास विचारावें, व मोठ्या रकमेस दोघांची संमति घ्यावी. 'मी सांगितलें तरी विचारतोस?' म्हणून जो मालक नोकरावर खेंकसतो, तो आपल्याच पेढीचें दार उघडें टाकतो, असें आमचें स्पष्ट मत आहे. लक्ष्मी रस्त्यावरील दुकान असो, भोसरींतील कारखाना असो, विचारणाऱ्या नोकरास तेथें शाबासकीच मिळाली पाहिजे.

आणि गळ लागलाच, तर लपवूं नये. त्या यंत्राचा इंटरनेटशीं संबंध तत्काळ तोडावा, वरिष्ठांस सांगावें, परवलीचे शब्द दुसऱ्या यंत्रावरून बदलावे. पैसे गेले असल्यास बँकेस कळवून १९३० या सरकारी क्रमांकावर फोन करावा. रक्कम पुढच्या खात्यांतून निघून जाण्यापूर्वी ती गोठविण्याची संधि तेवढ्याच अवधींत असते. शिवाय केंद्र सरकारच्या 'सर्ट-इन' या संस्थेच्या २०२२ च्या नियमाप्रमाणें कंपन्यांस अशा घटनेची वार्ता ६ तासांच्या आंत कळवावी लागते.