नुसत्या 'अपडेट'ने काहीच बदलत नाही

डेबियन या लिनक्स प्रणालीवर नवा प्रोग्रॅम हवा असेल, तर संकेतस्थळं धुंडाळत बसावं लागत नाही. 'एपीटी इन्स्टॉल' लिहून पुढे नाव दिलं की काम झालं. १९९९च्या डेबियन २.१पासून ही सोय आहे. त्याआधीचं 'डीपीकेजी' हे साधन एखादी लायब्ररी नसल्याची तक्रार करी, पण ती आणून देत नसे. ती मिळवावी, तर तिला आणखी तिसरीच हवी! एपीटी ही साखळी स्वतः सोडवतं आणि प्रोग्रॅम जिथून येतात त्या भांडाराची डिजिटल स्वाक्षरीही तपासतं.

नवखे गोंधळतात ते इथे: 'एपीटी अपडेट' फक्त उपलब्ध आवृत्त्यांची यादी ताजी करतं. प्रत्यक्ष बदल 'एपीटी अपग्रेड' करतं, तेही बसवलेलं कुठलंच पॅकेज न काढता. काढावं लागणार असेल, तर 'फुल-अपग्रेड'.

डेबियनच्या बुकवर्म (२०२३) आवृत्तीवरून ट्रिक्सीवर (२०२५) जाताना मात्र आधी बॅकअप घ्यावा, मग भांडारांच्या यादीतलं नाव बदलावं. ही नावं 'टॉय स्टोरी'तल्या पात्रांची. कायम अस्थिर राहणाऱ्या शाखेचं नाव सिड, म्हणजे त्यातला खेळणी मोडणारा पोरगा. नाव अगदी चपखल!

एवढं करून नवा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, बसला, तरी तो चालू होतो यंत्र रीस्टार्ट केल्यावरच.